पण म्हणायचं नाही

आमच्या शाळेत 'धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती' नावाचा एक विषय आहे. वेळापत्रकाच्या चौकोनात एवढं मावत नाही, म्हणून तिथे नुसतं 'धतनी' लिहितात आणि पोरंही तेच म्हणतात. धतनीचा तास आला की त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो भूगोलाच्या तासाला मी कधी पाहिलेला नाही. भूगोल मी शिकवते. तेव्हा माझ्या बोलण्यात कुणाला जळफळाट दिसला तर दिसू दे, तो आहेच.

धतनीच्या सरांचं नाव पोरांनी का-सर ठेवलंय. कुणी शिंकलं तरी हे 'का?' विचारतील. उंच, हसरे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि आवाज असा की आमच्या दोन वर्गांमधल्या प्लायवूडच्या भिंतीतून आरपार यायचा. मी इकडे वाऱ्यांचे प्रकार सांगतेय आणि तिकडून 'देव नसेल तर चोरी वाईट का?' असं येतंय. माझी पोरं वारे सोडून तिकडे कान लावून बसायची.

सरांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. एक प्रश्न दोन गुरुवार चालायचा. पहिल्या गुरुवारी सगळ्या वर्गाने एकाच बाजूने बोलायचं, दुसऱ्या गुरुवारी सगळ्यांनी उलट बाजूने. दोन्ही वेळा शेवटी हात वर करून मत द्यायचं. आणि त्या तासाला 'पण' म्हणायचं नाही. जो 'पण' म्हणेल त्याने बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं आणि त्या प्रश्नाचे गुण शून्य. "'पण' हा पळपुट्यांचा शब्द आहे," सर म्हणायचे. "आधी एका बाजूने शेवटपर्यंत चालून या, मग दुसऱ्या बाजूने." हे त्यांनी वर्षाच्या पहिल्याच तासाला समजावून सांगितलं होतं. पोरांच्या ते इतकं अंगवळणी पडलं की पुढे त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही.

काडी त्या पहिल्या तासाला नव्हती.

काडी म्हणजे दहावीतली मुलगी. अंगाने काडी, म्हणून आईनेच ठेवलेलं नाव. तिची आई शाळेच्या मागच्या रस्त्यावर बायकांचे केस कापायचं दुकान चालवायची. घराचीच पुढची खोली, दोन खुर्च्या, तीन आरसे, आणि एक पंखा जो फक्त कापलेले केस नाकातोंडात उडवायच्या कामाचा. मी वर्षानुवर्षं तिथेच जायचे. बाईची जीभ कात्रीपेक्षा धारदार. "बाई, तुमचे केस तुमच्या शाळेसारखे झालेत," ती मला म्हणायची, "वरून रंगवलेले आणि आतून गळके." गिऱ्हाइकं पैसे देऊन शिव्या खायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायची.

तिचं पोट दुखायला लागलं, वजन उतरलं, तपासण्या झाल्या. रिपोर्ट काडीच्या बाबांच्या हातात आला. ते बेकरीत भट्टीवर काम करतात, गरीब माणूस, बायकोपुढे एक शब्द काढायचा नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. डॉक्टर म्हणाले, आता औषध फक्त दुखणं कमी करायला. बाबांनी हॉस्पिटलच्या जिन्यातच ठरवलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "अल्सर आहे. तिखट बंद. वेळ लागेल, पण बरं होईल." काडीला त्यांनी खरं सांगितलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. मलाही सांगितलं, बेकरीच्या काउंटरवर ब्रेड कागदात गुंडाळता गुंडाळता. "बाई, केस कापायला जाल तेव्हा चेहरा सांभाळा."

मी सांभाळला. ते फारसं अवघड गेलं नाही, कारण बाई अल्सरवर खूश होती. तिला भांडायला कुणीतरी लागायचंच, आता अल्सर मिळाला होता. "ह्याला पुरून उरेन मी," ती म्हणायची आणि दुधात ब्रेड बुडवून खायची. दुकानात तिसरी खुर्ची कुठे बसेल ते मला बोट करून दाखवायची. भिंतीला हिरवा रंग द्यायचा की निळा यावर नवऱ्याशी वाद घालायची. नवरा म्हणायचा, "तुला आवडेल तो." आणि मग भट्टीचं निमित्त सांगून घाईघाईने निघून जायचा.

काडीचा ऐच्छिक विषय आधी संगीत होता. तो तास सगळ्यात शेवटी, शाळा सुटल्यावरही रेंगाळणारा. धतनी दुपारीच संपायचं. आईजवळ लवकर जाता यावं म्हणून तिने अर्ध्या वर्षात विषय बदलला. तत्त्वज्ञानाशी तिचं एरवी काही देणंघेणं नव्हतं.

ती धतनीला गेली तो पहिलाच गुरुवार नव्या प्रश्नाचा होता. मी त्या दिवशी नववीची मुलं घेऊन धरण बघायला गेले होते, म्हणून तो तास मी ऐकला नाही. नंतर काडीनेच सांगितला. सरांनी विचारलं, "कुणाकडे प्रश्न आहे?" एरवी तोंडातून अक्षर न काढणाऱ्या या मुलीने हात वर केला. "सर, एखादा माणूस मरणार असेल आणि घरच्यांनी त्याला सांगितलं नाही, तर ते बरोबर आहे का?"

सर टाळी वाजवून म्हणाले, "वा! आज आपली बाजू अशी, की सांगायलाच हवं." काडीला वाटलं, सर स्वतःचं मत सांगतायत.

मग पोरं सुटली. आमच्या पोरांना बोलायला दिलं की ती ऐकत नाहीत, उचलली जीभ लावली टाळ्याला. एकजण म्हणाला, "जगातले सगळे धर्म सगळ्या गोष्टींवर भांडतात, मात्र खोटं बोलू नका यावर सगळ्यांचं एकमत आहे." एक मुलगी म्हणाली, "मरण माझं आहे. माझ्या पेटीची किल्ली दुसऱ्याने का ठेवावी?" वर्गात वकील म्हणून ओळखला जाणारा एक मुलगा आहे, तो उठला आणि म्हणाला, "जो आजाऱ्यापासून लपवतो त्याने त्याला आधीच मेलेला धरलेला असतो. त्याच्या खोलीत शिरताना चेहरा बदलतो. याला प्रेम म्हणत नाहीत, याला नाटक म्हणतात." काडीचे कान तापले. रोज दारातून आत जाताना ती चेहरा बदलतच होती.

शेवटी सगळे हात वर गेले. काडीचाही गेला. सर हसून म्हणाले, "ठरलं तर मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुकानाचा आरसा पुसत होती. काडी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि आरशातल्या आईला म्हणाली, "आई, तुला अल्सर नाही. कॅन्सर आहे. बरा होणारा नाही. बाबांनी सांगायचं नाही म्हटलं होतं, मला वाटतं तुला कळायला हवं."

बाईने फडकं खाली ठेवलं. तिने एकच विचारलं, "त्याला कधीपासून माहीत आहे?"

काडीला वाटलं होतं, आई रडेल, तिला जवळ घेईल, मग दोघी मिळून काहीतरी ठरवतील. वर्गात कुणीतरी म्हणालंच होतं, सत्य कळलं की माणूस शांतपणे तयारी करतो. ही बाई शांतपणे काही करणाऱ्यातली नव्हती. ती संतापली. नवऱ्याला तिने दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. "खोटारड्याच्या हातचा ब्रेड मला नको," म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. तिन्ही आरशांवर तिने चादरी टाकल्या. तिसऱ्या खुर्चीसाठी मोकळा केलेला कोपरा होता तिथे गिऱ्हाइकांच्या चपला ठेवायला सांगितल्या. गिऱ्हाइकंही यायची थांबली.

आणि तिने काडीला धरलं. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी काडीने तिच्यासमोर उभं राहायचं. "आरसा नको मला," आई म्हणायची. "आरशात मीच मला फसवते. तू सांग. तू खरं बोलणारी ना? डोळे पिवळे झालेत?"

"हो."

"कालपेक्षा जास्त?"

"हो."

"तोंडाला वास येतो?"

"हो, आई."

"शाब्बास. घरात एक तरी खरं बोलतंय. आता शाळेत जा."

काडी एकदाही खोटं बोलली नाही. मतदान झालं होतं, तिनेही हात वर केला होता, आणि तिला वाटत होतं की ही परीक्षा आहे. परीक्षा अवघड असते असं आपणच तर मुलांना सांगतो.

पुढच्या गुरुवारी मी माझ्या वर्गात होते. भिंतीतून का-सरांचा आवाज आला, "काडी, तू आणलेला प्रश्न. आज तूच सुरुवात कर. मरणाऱ्याला सांगू नये. का?"

मग तिचा बारीक आवाज आला. "सर, पण ते तर ठरलं होतं ना?"

अख्खा वर्ग हसला. "पण! पण म्हणाली! बाहेर!" पोरं बाकं वाजवत होती. सरही हसत होते, त्यात वाईट हेतू नव्हता, त्या माणसात वाईट हेतू कधीच नसतो. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "नवी आहेस, तरी शून्यच. व्हरांड्यातून ऐक. आणि कळलं का, गेल्या वेळी काही ठरलं नव्हतं. आपण फक्त एका बाजूने चालून आलो होतो."

मी माझ्या दाराशी गेले. काडी व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी उभी होती, हात मागे बांधून. आतला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. पेटीची किल्ली म्हणणारी तीच मुलगी आता म्हणत होती, "दया नसलेलं सत्य म्हणजे नुसता दगड. ज्याला तो चुकवता येत नाही त्याच्यावर का फेकायचा?" दुसरा कुणी म्हणाला, "खोटं बोलू नका हे सगळे धर्म सांगतात, आणि दया करा हेही सगळेच सांगतात." मग वकील उठला. त्याचा आवाज मी ओळखते. "जो आजाऱ्याला सांगतो तो आजाऱ्यासाठी सांगत नाही. त्याला स्वतःला ओझं झालेलं असतं. ते तो मरणाऱ्याच्या छातीवर ठेवतो आणि हलका होऊन शाळेत, नाहीतर ऑफिसात निघून जातो."

टाळ्या पडल्या. हात वर झाले असणार, कारण सर म्हणाले, "एकमताने! बघा, गेल्या वेळीही एकमत होतं."

काडी माझ्याकडे वळली. "बाई," ती म्हणाली, "मी आईला सांगून टाकलं." आणि मग तिथेच, टाकीच्या तोटीतून पाणी ठिबकत असताना, तिने मला सगळं सांगितलं. मला का-सरांचा भयंकर राग आला. माझ्या वर्गाला नकाशा भरायला बसवलं, शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि तिला घेऊन तिच्या घरी निघाले.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पडून होती, कारण ती खुर्ची मागे कलती व्हायची आणि पोटाला तेवढंच बरं वाटायचं. बाबा उंबऱ्याबाहेर, हातात ब्रेडचा पुडा.

"या बाई," ती मला म्हणाली. "हा माझा आरसा शाळेतून लवकर आणलात?" मग काडीकडे वळून, "काय गं, सकाळपेक्षा कशी दिसते?"

काडी वाकून कोपऱ्यात चपला काढायला लागली.

"विचारतेय मी." आणि एकदम तिचा आवाज बसला. इतक्या वर्षांत मी त्या बाईचा तो आवाज ऐकला नव्हता. "काडी, मला भीती वाटते गं. रात्र झाली की फार वाटते. तुम्हाला शाळेत एवढं शिकवतात. मेल्यावर काय असतं ते शिकवलं का?"

"वेगवेगळ्या धर्मांत वेगवेगळं आहे, आई."

"खरं कुठलं?"

"मला नाही माहीत."

आई रडायला लागली. तोंड उघडं, आवाज नाही, हात खुर्चीच्या दांड्यांवर. काडी तिच्याकडे बघत उभी राहिली. मग ती म्हणाली, "आई, अल्सरच आहे."

आईने मान वर केली.

"कॅन्सर नाहीये. मी खोटं सांगितलं. शाळेचा प्रयोग होता. तू मरणार आहेस असं एखाद्याला सांगितलं तर तो काय करतो, ते बघून वर्गात सांगायचं होतं."

मला वाटलं, ही बाई हसेल. इतकं कच्चं खोटं तिच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तर तिने त्याची चंपी केली असती. मात्र ही मुलगी आठवडाभर तिच्या तोंडावर खरं बोलत आली होती, पिवळे डोळे, वास, सगळं. तिच्या शब्दाला वजन आलं होतं. आणि बुडणारा माणूस दोर कसला आहे ते बघत बसत नाही. आईने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"अल्सरच आहे," तो म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

मग माझ्याकडे. "बाई, खरंच असले प्रयोग करतात तुमच्या शाळेत?"

"करतात," मी म्हणाले. आणि हे शंभर टक्के खरं होतं.

ती उठली. गेल्या काही दिवसांत पहिल्यांदा आधाराशिवाय उठली, दोन पावलं चालली आणि काडीच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग नवऱ्याला म्हणाली, "आत या हो. बाहेर काय उभे राहिलात? ब्रेड द्या इकडे." खुर्चीत बसून तिने तो दुधाशिवाय, कोरडाच खाल्ला. नवरा शेजारी उभा राहून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता. तो काडीकडे बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर त्याला खरं बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी का-सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "तिने मला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "का नाही सांगितलं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिने शेवटी जे केलं ते बरोबर की चूक, यावर खरं म्हणजे दोन गुरुवार होऊ शकतील." माझ्या हाताशी पृथ्वीचा गोल होता. तो मी त्यांच्या डोक्यात घातला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आई त्यानंतर काही आठवडे जगली आणि आनंदात जगली, हे मला कबूल करायला हवं. आरशांवरच्या चादरी निघाल्या. गिऱ्हाइकं परतली, केस कापायला नाही, तिला बघायला. ती खुर्चीत पडल्या पडल्या तिसऱ्या खुर्चीची जागा दाखवायची. भिंत हिरवी करायचं ठरलं. नवऱ्याच्या हातून दूध, नवऱ्याच्या हातून औषध. आणि येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना? आमच्याकडे उलटं. काडीनेच बुडवायला घेतलं होतं. नवऱ्यासारख्या देवमाणसाशी मी बोलत नव्हते हिच्यापायी. कशासाठी? शाळेच्या एका तासासाठी!" बायका काडीकडे बघून 'शी!' म्हणायच्या. काडी आत पाणी भरत असायची, नाहीतर चादरी धूत. तिला सगळं ऐकू जायचं. बोलायची सोय नव्हती, कारण तिच्याजवळ स्वतःच्या बाजूचं एकच वाक्य होतं आणि ते म्हटलं की आई पुन्हा मरणार होती.

केस विंचरायला काडी फणी घेऊन गेली की आई फणी काढून घ्यायची. "तू नको. बाबांना बोलाव." ज्या हातांना लहानपणापासून वेण्या घालायला शिकवलं त्या हातांना तिने स्वतःच्या डोक्याला लागू दिलं नाही. बाबांना वेणी येत नाही. ते केसांची एक गाठ मारायचे.

शेवटच्या दिवशी मी तिथेच होते. बाबा औषध आणायला गेले होते, म्हणून पाणी काडीनेच चमच्याने पाजलं. आईने दोन घोट घेतले. डोळे उघडून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग संपला असावा असं मला वाटलं, निदान मला तशी आशा वाटली.

"खरं सांग," ती म्हणाली. "का केलंस गं माझ्याबरोबर असं?"

काडीने चमचा वाटीत ठेवला. आईला काय ऐकलं की बरं वाटेल याचा तिने विचार केला असेल. खऱ्याची वाट बंद होती. मग असं काहीतरी हवं होतं जे आईला लगेच पटेल आणि अल्सर अल्सरच राहील.

"मार्कांसाठी," ती म्हणाली.

"मिळाले?"

"हो. सगळ्यात जास्त."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. बाबा परत येईपर्यंत ती गेली होती.

वर्षाच्या शेवटी का-सरांनी गुणांची यादी स्टाफरूममध्ये लावली. त्या प्रश्नाचे काडीचे गुण शून्य होते. ती 'पण' म्हणाली होती.